हाताची सवय

माशांची पिशवी तिनं अलगद टाकीत सोडली. पिशवी पाण्यावर तरंगत राहिली आणि आतले लाल-सोनेरी मासे एका कोपऱ्यात अंगाला अंग लावून थबकले.

“लगेच नाही सोडायचे यांना,” ती म्हणाली. “दोन्हीकडचं पाणी सारखं कोमट व्हायला हवं. नाहीतर धक्का बसतो.”

अप्पा खुर्चीतून उठले नव्हते. त्यांनी मान थोडी वळवून टाकीकडे पाहिलं.

“कुणी सांगितलं?”

“दुकानातल्या बाईंनी.”

“हं,” अप्पा म्हणाले आणि परत खिडकीबाहेर बघायला लागले.

टाकी तिनं मुद्दाम त्यांच्या खुर्चीसमोरच्या कपाटावर ठेवली होती. तळाशी धुतलेली बारीक खडी, एक हिरवी वनस्पती, हवेचे बुडबुडे सोडणारी छोटी नळी. पाणी कालपासून बादलीत भरून ठेवलं होतं, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जाईल. एवढं सगळं करताना तिच्या मनात एकच चित्र होतं. आपण कामावर असू, घरात चिटपाखरू नसेल, आणि अप्पा या टाकीकडे बघत बसलेले असतील.

अप्पा तिचे सासरे. गोदीत क्रेन चालवण्यात त्यांची हयात गेली होती. सकाळी शिडी चढून वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचं ते संध्याकाळी खाली उतरायचं. बोलायला कुणी नाही, खालचा माणूस हात हलवून सांगेल तसं ओझं उचलायचं नि ठेवायचं. घरीही त्यांचे शब्द कमी आणि हातवारे जास्त असायचे. पाणी हवं असलं तर बोट, पुरे झालं तर पंजा. सासूबाई तिच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. बापलेकांच्या त्या मुक्या घरात ती सून म्हणून आली आणि घराला आवाज आला, असं तिचा नवरा म्हणायचा. आता तोही नव्हता. दोन वर्षांपूर्वी आजारानं त्याला नेलं. एका माणसामुळे एकमेकांची झालेली ही दोघं मागं उरली आणि ज्याच्यामुळे झाली तोच मधून निघून गेला. तिच्या माहेरचे म्हणाले, ये इकडे. ती गेली नाही. अप्पांनीही तिला रहा किंवा जा असं काहीच म्हटलं नाही.

ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. दवाखान्यांतून तोंडाचे साचे यायचे, त्यावर ती मेणात दात मांडायची, कवळ्या घडवायची, हिरडीचा रंग जुळवायची. अप्पांच्या तोंडातली कवळीही तिनंच केलेली. ती पहिल्यांदा बसवली त्या दिवशी अप्पा आरशात बराच वेळ बघत राहिले होते आणि मग मुलाला म्हणाले होते, “लोकांच्या सुना सासऱ्याचे दात घशात घालतात. हिनं बसवून दिले.” त्या एका वाक्यावर नवरा-बायको आठवडाभर हसत होती.

मासे आणले त्याच आठवड्यात लॅबच्या मॅडमनी तिला आत बोलावलं होतं. दुसऱ्या शहरात, रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर, त्या नवी लॅब सुरू करत होत्या. तिथं कवळ्या नव्हत्या. सिरॅमिकचं बारीक काम होतं, एकेक दात खऱ्यासारखा घडवायचं. ते काम शिकून तिला बरीच वर्षं झाली होती आणि करायला कधी मिळालं नव्हतं.

“तू सांभाळ ती लॅब,” मॅडम म्हणाल्या.

“नाही जमायचं, मॅडम.”

“विचार तरी कर.”

“केला,” ती म्हणाली. खरं तर केला नव्हता. जागेवर परत येऊन तिनं हातातल्या साच्यावरचं प्लॅस्टर नको तितकं घासलं आणि साचा फुकट घालवला. घरी याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. सुट्टीच्या दिवशी तिनं पिशवी घेतली आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेली.

अप्पांनी माशांचं नीट केलं. सांगितलं होतं तेवढीच चिमूट खायला घातली, सांगितलं होतं त्या दिवशी अर्धं पाणी बदललं. पण वरून आलेला हुकूम पाळावा तसं. खुर्चीचं तोंड खिडकीकडेच राहिलं. पुढे माशांच्या अंगावर पांढरट बुरशी धरली. तिनं दुकानातून निळं औषध आणलं, पण ते लागू पडलं नाही. एकेक करून मासे आडवे तरंगायला लागले. शेवटचा मासा अप्पांनीच गाळणीनं उचलला, गॅलरीतल्या कुंडीत मातीखाली ठेवला, टाकी धुऊन कोरडी केली आणि माळ्यावर पालथी घातली.

“माझंच काहीतरी चुकलं असेल,” ती म्हणाली.

अप्पांनी पंजा दाखवला. पुरे.

दुसऱ्यांदा ती दुकानात गेली तेव्हा दुकानवाल्या बाई पक्ष्यांच्या पिंजऱ्यांखालचे कागद बदलत होत्या. धिप्पाड बाई, चष्मा कपाळावर, कमरेला दाण्यांनी भरलेला खिसा.

“मासे गेले ना?” त्यांनी चेहऱ्यावरूनच ओळखलं. “पहिल्या खेपेला जातात कधीकधी. आता काय देऊ?”

“थोडा आवाज करणारं काहीतरी. घर फार शांत असतं.”

“तुमच्यासाठी?”

“सासऱ्यांसाठी.”

“मग ते का नाही आले निवडायला?” बाईंनी कागदाची गुंडाळी करून टोपलीत टाकली. “रागावू नका हं. साडी नाही ही, दुसऱ्यानं पसंत करायला. ज्याला सांभाळायचंय त्याची नि जनावराची एकदा नजरानजर व्हायला हवी.”

“ते घराबाहेर पडत नाहीत फारसे.”

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. त्यांनी बजीची, म्हणजे चिमुकल्या पोपटांची, एक जोडी काढून दिली, एक पोपटी आणि एक निळा. पिंजरा वाऱ्याच्या झोतात ठेवायचा नाही, पाण्याची वाटी रोज घासायची, चोच घासायला समुद्रफेसाचा तुकडा टांगायचा, अंधार पडला की वरून कापड टाकायचं, असं सगळं त्यांनी समजावून दिलं.

पक्ष्यांनी घर डोक्यावर घेतलं. सकाळी कापड काढायचा अवकाश, की सुरू. तिला वाटलं, आता तरी. अप्पा पिंजऱ्याजवळून जाताना एकदा थांबलेही; बोट पुढं केलं, निळ्यानं ते चोचीत धरलं. ती स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिच्याकडे लक्ष जाताच अप्पांनी बोट काढून घेतलं.

एका संध्याकाळी ती आली तर पिंजऱ्याच्या जागी नुसता हूक लोंबत होता.

“खालच्या शिंप्याकडे दिले,” अप्पा म्हणाले. “त्याची आई पडून असते. तिला बघायला बरे.”

“मला विचारलं नाहीत.”

“आवाज फार,” अप्पा म्हणाले.

ते खोटं होतं, हे तिला जाणवलं. आयुष्यभर साखळ्यांच्या खडखडाटात बसलेल्या माणसाला दोन पाखरांचा कसला आवाज होणार?  रोज सकाळी खालून तो किलबिलाट यायचा तेव्हा अप्पा दाढी करता करता क्षणभर हात थांबवायचे. तेही तिनं पाहिलं, आणि तिला उलगडा होईना.

ससा मात्र तिनं कुणाला न विचारता, फार विचार न करता आणला. राखाडी, एक कान पडलेला. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, कुरतडायला वाळलं गवत आणि लाकूड दिलं नाही तर ते जबड्यात घुसतात, हे बाईंनी सांगितलं तेव्हा ती त्या पिंजऱ्यापाशी उकिडवी बसली आणि अंगठ्यानं त्याचा वरचा ओठ उचलून बघत राहिली. एवढे नेटके दात तिनं कधी घडवले नव्हते.

सशाचं काम पुष्कळ होतं. सकाळी लवकर उठून ती त्याचा कोपरा साफ करायची, ताजं गवत घालायची. कामावरून धावतपळत यायची, कारण त्याला रोज थोडा वेळ मोकळं सोडावं लागे आणि तेव्हा लक्ष ठेवावं लागे. टीव्हीची वायर त्यानं पहिल्याच आठवड्यात कुरतडली होती, आणि अप्पांच्या चपलेचा अंगठाही. अप्पा तुटकी चप्पल हातात धरून म्हणाले, “तुझ्या धंद्यातला दिसतोय.” ती खळखळून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

त्याच दरम्यान तिच्या भावाचा फोन आला. सुट्टीत सगळे जमणार होते, तू ये, चार दिवस मोकळी हो, असं तो म्हणत होता.

“कसं येणार रे?” ती मांडीवरच्या सशाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. “घरी ससा आहे ना. त्याचं कोण करणार?”

अप्पा समोरच होते. वर्तमानपत्राची घडी घालत होते. घडी घालून झाल्यावर त्यांनी ती उलगडली आणि परत घातली.

दुसऱ्या दिवशी ससा नव्हता. त्याचा कोपरा फिनेलनं पुसून लख्ख केलेला होता.

“कुठाय?”

“दुकानात देऊन आलो. बाईंनी घेतला परत. चांगल्या आहेत.”

तिनं खांद्यावरची पर्स काढली नाही. तशीच उभी राहिली.

“अप्पा, तो माझा होता.”

“हं.”

“या घरात काही जिवंत नकोच आहे का तुम्हाला? मासे मेले, त्याला इलाज नव्हता. पाखरं देऊन टाकलीत. आता हा. काय हवंय तुम्हाला? नुसत्या भिंती?”

अप्पांचा हात उठला आणि मधेच थांबला. पंजा झाला नाही. तो हात त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर ठेवला.

“तू आणलेलं नको,” ते म्हणाले.

हे तिला फार लागलं. पर्स टेबलावर ठेवून ती आत गेली आणि पाट्यावर काहीतरी वाटावं तसा ओट्याचा एकच कोपरा पुसत राहिली. त्यानंतर कित्येक दिवस दोघांमध्ये फक्त कामापुरतं बोलणं झालं. ताट वाढलंय. गोळी घेतली का? दार लावून घ्या. हे घर माझं नाहीच की काय, असं तिच्या मनात यायला लागलं होतं, आणि तसं आलं की तिला स्वतःचीच शरम वाटायची.

मग एक दिवस ती कामावरून आली तेव्हा दार सताड उघडं होतं आणि काहीतरी शिजल्याचा वास जिन्यापर्यंत येत होता.

चटईवर एक मोठा कुत्रा पसरला होता. एकेकाळी तपकिरी असावा. आता तोंड पांढरं, भुवया पांढऱ्या, एका डोळ्यावर दुधाळ साय. त्याच्याशेजारी, गुडघ्यांच्या दुखण्यामुळे वर्षानुवर्षं जमिनीवर न बसलेले अप्पा पाय पसरून बसले होते आणि भातात उकडलेलं अंडं कुस्करत होते.

“हा कुणाचा?”

“आपला,” अप्पा म्हणाले. मग क्षणभर थांबून, “माझा.”

“आणलात कुठून?”

“बेवारशी जनावरं ठेवतात ना, गावाबाहेर. तिथून.”

“तिथं एकटे गेलात?”

“जाताना एकटा होतो,” अप्पा म्हणाले. “येताना दोघं.”

ती दारातच टेकली. कुत्र्यानं डोकं उचलून तिच्या दिशेनं हवा हुंगली आणि परत खाली ठेवलं.

“अप्पा, म्हातारा आहे हा.”

“मी काय तरणाताठा आहे?”

“तिथं पिल्लं नव्हती का?”

“होती की. उड्या मारत होती. लोक त्यांच्याकडेच बघत होते.” अप्पांनी घास कुत्र्याच्या तोंडाजवळ धरला. त्यानं तो सावकाश, ओठांनी वेचून घेतला. “याच्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि हाही कुणाकडे बघत नव्हता. म्हटलं, जमेल आपलं.”

“नाव काय?”

“तिथं काहीतरी इंग्रजी ठेवलंय. घेताना कवळी सुटते माझी. मी राव म्हणतो.”

लग्न होऊन आल्यापासून अप्पा तिच्याशी एका दमात इतके शब्द बोलले नव्हते.

रावचं सगळं अप्पांनी आपल्या अंगावर घेतलं. डोळ्यात थेंब घालायचे ते डोकं मांडीवर घेऊन, वरची पापणी अंगठ्यानं उचलून. अन्नात मीठ नाही. पाण्याची वाटी पाटावर, म्हणजे त्याला मान फार वाकवावी लागू नये. मागचे पाय लटपटायचे, म्हणून जिना उतरताना अप्पा एक जुना पंचा त्याच्या पोटाखालून घेऊन दोन्ही टोकं हातात धरायचे आणि त्याचा मागचा भार तोलत एकेक पायरी उतरवायचे. पहिल्या दिवशी ती धावत मदतीला गेली.

“सोड,” अप्पा म्हणाले. “जहाजं रिकामी केलीत मी. एक कुत्रा उतरवता येणार नाही?”

दुसऱ्या दिवशी तिनं रावसमोर त्याचं ताट ठेवलं. अप्पा आंघोळीहून येत होते. ओल्या अंगानं तसेच पुढं झाले आणि ताट उचललं.

“तू नको घालूस.”

“एका वेळेनं काय होतंय?”

“त्याला माझ्या हाताची सवय लागू दे.”

तिला पुन्हा तेच टोचलं. तू आणलेलं नको, तू घातलेलंही नको. ती बाजूला झाली.

पण घर बदलत होतं, हे तिला नाकारता येईना. रावसाठी शेगडी पेटायचीच, तर अप्पा आपलंही काहीबाही करून ठेवायला लागले. आधी करपलेलं, मग खाण्याजोगं, मग बरं. डॉक्टरांनी कधीचे सांगितलेले गुडघ्याचे पट्टे, जे कपाटात पडून होते, ते त्यांनी स्वतःहून चढवले. किल्ली गळ्यात अडकवली. सकाळ-संध्याकाळ रावबरोबर फिरताना त्यांना माणसं भेटायला लागली. शिंपी दुकानातून बाहेर येऊन विचारायचा, आज राव खूश दिसतात. कुणाचं कुत्रं काही खात नसलं, की अप्पांचा सल्ला घेतला जायचा. ज्या माणसाला शेजाऱ्यांची नावं ठाऊक नव्हती त्याला आता त्यांच्या कुत्र्या-मांजरांची पोटं कधी बिघडतात हे माहीत होतं.

एकदा काम लांबलं म्हणून तिला घरी यायला उशीर झाला. जिन्यातून ती घाईघाईनं चढली. अप्पा आणि राव जेवून शेजारी शेजारी पेंगत होते. तिचं ताट झाकून ठेवलेलं होतं. कुणी तिची वाट बघत ताटकळलं नव्हतं. ती एकटीच जेवायला बसली आणि आपण या घरात पाहुण्यासारख्या झालो आहोत, असं तिला वाटलं. 

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मॅडम तिच्या टेबलापाशी आल्या. हातात साचे होते, पण त्यासाठी आल्या नव्हत्या.

“तुझ्या सासऱ्यांचा फोन आला होता काल.”

तिच्या हातातली सुरी मेणातच राहिली. “तुम्हाला?”

“तिकडची जागा अजून रिकामी आहे का, म्हणून. मी म्हटलं, आहे, मनासारखं माणूस मिळालंच नाही.”

“त्यांना कसं कळलं?”

“अगं, मीच नाही का सांगितलं? तू नाही म्हणालीस त्याच दुपारी. तू जेवायला गेली होतीस, मी घरच्या नंबरावर लावला. म्हटलं, घरच्यांनी समजावलं तर ऐकशील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणाले आणि ठेवला. मला वाटलं, बोलले असतील तुझ्याशी.” मॅडमनी साचे टेबलावर ठेवले. “काल आणखी एक विचारत होते. तिकडे तू राहशील त्या खोलीत ऊन येतं का.”

त्या दिवशी ती लवकर निघाली. अप्पा आणि राव कोपऱ्यावरच्या बागेत असणार, हे तिला ठाऊक होतं. तसे ते होतेच. अप्पा बाकावर, राव त्यांच्या पायाशी, हनुवटी अप्पांच्या चपलेवर. ती शेजारी बसली. बराच वेळ समोरून जाणाऱ्या माणसांकडे तिघंही बघत राहिली.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“हं.”

“मासे आणले तेव्हाही?”

“मासे आणलेस तेव्हाच समजलो. निघायचं असलं की माणूस घरात नवीन जीव आणत नाही.”

“मी तुमच्यासाठी आणले होते. दिवसभर एकटे असता म्हणून.”

“असेल.” अप्पांनी वाकून रावच्या कानामागं खाजवलं. “आणि ससा?”

 भावाशी आपण फोनवर काय बोललो होतो ते तिला शब्दन् शब्द आठवलं, आणि ते बोलताना आतून किती बरं वाटलं होतं तेही.

“एकेक आणून स्वतःला बांधून घेत होतीस,” अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “मी सोडत होतो, तू परत बांधत होतीस. म्हटलं, हिला असं नाही कळायचं. मी एकटा आहे तोवर ही हलायची नाही.”

“मग हा आणलात. मला घालवायला.”

“आधी त्यासाठीच गेलो होतो,” अप्पा प्रामाणिकपणे म्हणाले. “मग हा भेटला.”

राव उठायला बघत होता. पुढचे पाय टेकवले, मागचे उठेनात. अप्पांनी पंचा पोटाखाली सरकवून त्याला उभं केलं आणि तो उभा राहिल्यावरही हात तसाच ठेवला.

“मी त्याला शब्द दिलाय, अप्पा,” ती म्हणाली. नवऱ्याचा उल्लेख दोघांमध्ये असाच व्हायचा, नावाशिवाय. “दवाखान्यात. मला म्हणाला, अप्पांकडे बघ.”

अप्पांनी खिशातून रुमाल काढला. रावच्या साय आलेल्या डोळ्यातून पाणी ओघळत होतं, ते हलक्या हातानं टिपलं. रुमालाची घडी घातली.

“मलाही म्हणाला होता.”

“काय?”

“तुझ्याकडे बघा म्हणून.”

 बागेतली मुलं चेंडू आणायला बाकाखाली वाकली, रावला हात लावून गेली. ती मान खाली घालून स्वतःच्या नखांतलं प्लॅस्टर टोकरत राहिली. उठायची वेळ झाली तेव्हा अप्पांनी पंच्याचं एक टोक तिच्यापुढं धरलं. पहिल्यांदाच. तिनं ते धरलं आणि दोघांनी मिळून रावला घरापर्यंत आणलं.

तयारीत दिवस भुर्रकन गेले. तिनं अप्पांच्या गोळ्या लावून ठेवायला घेतल्या, तर त्या आधीच लावलेल्या होत्या. शिंप्याची बायको म्हणाली, आम्ही आहोत, तुम्ही निर्धास्त जा. भाऊ फोनवर म्हणाला, आता तरी येशील ना सुट्टीत? ती म्हणाली, येईन, पण आधी दोन दिवस अप्पांकडे.

निघायच्या सकाळी गॅलरीत कोवळं ऊन आलं होतं. राव त्यात आडवा झाला होता, गाढ झोपेत. स्वप्नात कुठंतरी पळत असावा, पंजे हलत होते. तिनं त्याच्या कपाळावर तळवा ठेवला. तो जागा झाला नाही. तिनं त्याला उठवलंही नाही.

अप्पा दारापर्यंत आले. पट्टे बांधलेले, किल्ली गळ्यात. तिनं वाकून नमस्कार केला. त्यांचा हात तिच्या डोक्यावर आला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिला.

“स्टेशनवर आलो असतो. पण याच्या थेंबांची वेळ होते,” ते म्हणाले.

“नकाच येऊ. पोचल्यावर फोन करते.”

“आधी जेव. मग कर.”

“हो.”

“जा, पोरी. उशीर होईल.”

दार लागलं. ती जिन्यापाशी आली, पण पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट बसेना, म्हणून सामान खाली ठेवून ती तो सारखा करू लागली. तेवढ्यात आतून अप्पांचा आवाज आला.

“झालं. गेली ती,” अप्पा सांगत होते. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा, समजावणीच्या सुरात, “येईल ना सुट्टीत. सांगून गेलीय. असं दाराकडे बघत उभं राहायचं नाही, राव. वेडा की काय तू? चल. चल बघू आत.”

आवाज दाराच्या अगदी जवळून येत होता. फरशीवर रावची नखं वाजली नाहीत. गॅलरीकडून कसलीच हालचाल ऐकू आली नाही.

तिचा हात बेलपर्यंत गेला. तिथंच थांबला. मग तिनं पिशवी खांद्यावर घेतली, बॅग उचलली, आणि आत नीट ऐकू जातील अशी पावलं टाकत ती जिना उतरू लागली.